बीएडचं ‘माझं शैक्षणिक तत्त्वज्ञान’ लिहायचंय? कॉपी करण्याआधी हे वाचा

इंटर्नशिप जवळ आली की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, ताई तुझी फिलॉसॉफीची फाइल पाठव ना, फक्त बघायला. फक्त बघायला म्हणजे काय ते मलाही कळतं आणि मेसेज करणारीलाही. फाइल मी पाठवत नाही, राग मानू नका, पण ती कशी लिहायची ते सगळं इथे सांगते. खास करून ज्यांना विषय आलाय ‘आपुलकी आणि नीतिमत्ता’ म्हणजे केअर आणि एथिक्स, त्यांच्यासाठी, कारण त्या विषयावर सगळ्यात जास्त गुळमट लिहिलं जातं.

आधी ही फिलॉसॉफी, म्हणजे आपण कशा शिक्षिका होणार ते लिहिलेली फाइल, कुठून आली ते एका वाक्यात. एनसीटीई म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या २०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं केलं, शाळेत घालवायचे किमान वीस आठवडे (त्यातले सोळा इंटर्नशिपचे) ठरवून दिले आणि स्वतःला समजून घेण्याचा एक वेगळा भाग अभ्यासक्रमात घातला, त्या भागात ही फाइल बसते. पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूलाही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात येतो, ‘तुम्ही कशा प्रकारच्या शिक्षिका होणार’ वगैरे. तेव्हा एकदाच नीट केलं तर दोनदा उपयोगी पडतं.

आता नेहमीच्या फायली कशा असतात. पहिलं पान गुरुर्ब्रह्मा. मग शिक्षक म्हणजे मेणबत्ती, स्वतः जळून दुसऱ्याला प्रकाश देते. मग मूल म्हणजे मातीचा गोळा. मग सर्वांगीण विकास, सर्वांगीण विकास, सर्वांगीण विकास. यात खोटं काही नाही हो, पण खरंही काही नाही. माझी एक साधी टेस्ट आहे: तुमच्या फाइलवरचं नाव खोडून शेजारच्या रोल नंबरचं नाव घातलं तरी सगळं जसंच्या तसं चालत असेल तर ती फिलॉसॉफी तुमची नाही. ती कॉलेजच्या गेटवरच्या झेरॉक्सवाल्याची आहे.

लिहायला बसू नका, आधी बघायला बसा

सगळे उलटं करतात. आधी नेटवर विचारवंत शोधतात, मग त्यांची वाक्यं, आणि शेवटी वेळ उरला तर वर्ग आठवतात. तुम्ही ऑब्झर्वेशनला जाता ना शाळेत, मागच्या बाकावर बसून ते फॉर्म भरता, त्या दिवसांत एक वेगळी छोटी वही ठेवा आणि त्यात फक्त मुलं काय करतात ते लिहा. मत नाही लिहायचं. ‘वर्ग शांत होता’ हे मत झालं. ‘तिसऱ्या रांगेतल्या मुलीने पाऊण तास पेन्सिलीचं टोक चावलं आणि बाईंनी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही’ हे बघणं झालं.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते, म्हणजे कळेल काय म्हणते ते. पाचवीचा वर्ग, डिचोली साइडची शाळा. आपल्या गोव्यात काय होतं तुम्हाला माहीतच आहे, सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी नाहीतर कोंकणी माध्यमाच्या, आणि पाचवीला मूल हायस्कुलात गेलं की जवळजवळ सगळीकडे एकदम इंग्लिश. तर त्या वर्गात एक मुलगी होती, फळ्यावरचं उतरवायला सगळ्यात पुढे, अक्षर मोत्यासारखं, बाईंनी चुकून खोडायचं राहिलेलं आदल्या तासाचं गणितसुद्धा तिने सायन्सच्या वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं. वही तपासणाऱ्याने गुड लिहून खाली स्टार दिलेला. रिसेसला मी तिला सहज कोंकणीतून विचारलं, झाडां जगपाक किदें लागता गो? तर लगेच म्हणाली, ‘उदक, माती आनी वत’, म्हणजे पाणी, माती आणि ऊन. आणि मग स्वतःच म्हणाली, वत ना जाल्यार पानां हळदुवीं जातात, आमगेर माडीयेर एक कुंडी आसा ताची जाल्यात (ऊन नसलं तर पानं पिवळी पडतात, आमच्या माडीवरच्या कुंडीतली पडलीत). म्हणजे पोरीला अख्खा धडा येत होता, प्रयोगासकट, आणि वर्गात ती रोज मुकी बसत होती. कोणी तिला मारलं नव्हतं, ओरडलं नव्हतं, उलट स्टार दिला होता. तरी तिची काळजी घेतली जात होती का? इथून तुमची फिलॉसॉफी सुरू होते. या एका नोंदीवर मी दोन पानं लिहिली आणि त्यात एकही मेणबत्ती आली नाही.

अशा चार-पाच नोंदी गोळा करा. चांगल्या शिक्षकांच्याही करा, नुसत्या दोषांच्या नको, नाहीतर फाइल तक्रारवही होते.

काळजी कोणी ठरवायची

आता थिअरी. घाबरू नका, एकच नाव नीट वाचलं तरी पुरे, दहा नावं टाकून काही होत नाही. केअर या विषयात ते नाव म्हणजे नेल नॉडिंग्ज. अमेरिकन बाई, १९२९ चा जन्म, २०२२ मध्ये गेल्या, विद्यापीठात जायच्या आधी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणजे वर्ग बघितलेल्या आहेत, हे मला आवडतं. १९८४ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं: काळजी हा शिक्षकाच्या स्वभावातला गुण नाही, ते दोन माणसांमधलं नातं आहे. काळजी घेणाऱ्याने समोरच्याकडे पूर्ण लक्ष द्यायचं, आपलं काम घडीभर बाजूला ठेवून त्याला काय हवंय तिकडे वळायचं, आणि, हे सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर तुम्ही कितीही राबा, ते काळजीचं नातं झालं नाही.

हे वाचायला सोपं आहे पण जरा विचार करा किती अवघड आहे ते. आपल्याकडे ‘मी तुमच्या भल्यासाठीच ओरडते’ हे वाक्य बोलल्याशिवाय बाईंचा दिवस जात नाही. आणि बाई खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच पोटतिडीक असते, घरी जाऊन पेपर तपासतात, स्वतःच्या पैशाने चार्ट पेपर आणतात. पण मुलाला विचारा, बाईंना तू आवडतोस का, तर तो म्हणतो, ना. मग? नॉडिंग्जच्या हिशोबाने बाई कष्टाळू आहेत, पण नातं अजून झालेलं नाही. तुमच्या फाइलमध्ये निदान एक परिच्छेद यावर हवा की माझी काळजी मुलापर्यंत पोचली की नाही हे मला कसं कळणार. माझं उत्तर होतं, मूल मला चुकीचं उत्तर द्यायला घाबरत नाही तेव्हा. तुमचं वेगळं असेल, पण काहीतरी असू दे, बघता येण्यासारखं.

नैतिक शिक्षण कसं द्यायचं याच्या नॉडिंग्ज चार गोष्टी सांगतात. स्वतः वागून दाखवणं, मोकळं बोलणं, मुलांना काळजी घ्यायचा सराव देणं आणि चौथी म्हणजे मुलाच्या चुकीमागे जो सगळ्यात चांगला हेतू खरोखर असू शकतो तो ओळखून त्याला तो दाखवणं. पहिल्या तीन पटकन कळतात. वागून दाखवणं म्हणजे शिपाईकाकांना आणि सफाईवाल्या मावशींना तुम्ही कसं हाक मारता ते मुलं बघतात, बास. सराव म्हणजे पाचवीच्या मुलांना बालवाडीच्या पोरांना हात धुवायला न्यायला लावा, बागेची जबाबदारी द्या, आजारी पडलेल्याला वही पोचवायला सांगा. बोलणं म्हणजे उत्तर आधीच ठरवून न बोलणं, ते पुढे येईलच.

चौथीवर मात्र थांबा, कारण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तिथेच पकडतात. समजा सहावीतल्या एका मुलाने युनिट टेस्टच्या पेपरावर बापाची सही स्वतःच मारून आणली. सही ओळखू येते, लहान मुलाने मोठ्यासारखं लिहायचा प्रयत्न केला की अक्षर कसं होतं तसं. एक मार्ग म्हणजे वर्गासमोर पेपर नाचवायचा, ‘बघा हा आमचा फोर्जरीवाला’. दुसरा मार्ग म्हणजे काही झालंच नाही असं करून सोडून द्यायचं, त्यालाही बरेच लोक प्रेम म्हणतात. तिसरा मार्ग: एकट्याला बोलावून, ‘बाबांना वाईट वाटेल म्हणून केलंस ना? त्यांना दुखवायचं नाही हे चांगलं आहे. पण आता यातून आपण बाहेर कसं पडायचं?’ आणि मग पेपर घरी जाणारच, सही खरी येणारच, फक्त तुम्ही आधी फोन करून बापाशी बोलता की पोरगा स्वतः सांगतो हे त्याच्याशी ठरवून. म्हणजे चूक माफ झाली नाही, परिणाम गेला नाही, पण मूल स्वतःच्या नजरेत लबाड ठरलं नाही.

यात एक अट आहे ती विसरू नका. हेतू खोटा बनवून द्यायचा नाही. मुलाची ओळखच नसेल तर तुम्ही असलं वाक्य म्हणालात की त्याला लगेच कळतं ही बाई ट्रेनिंगमधलं बोलतेय. आणि बाप मारतो म्हणून त्याने सही मारली असेल तर तो वेगळाच विषय झाला, तिथे घरी फोन करायच्या आधी दहादा विचार करायचा. म्हणून ओळख आधी, तंत्र मग.

आपल्याकडचं काय आहे

परदेशी नावं टाकली की भारी वाटतं, पण आपल्या घरातलं सोडून तिकडे कशाला जायचं. साने गुरुजी अमळनेरला शाळेत होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवून ठेवायचे आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला जायच्या तेव्हा लोक शेणमाती टाकायचे म्हणून जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या. हे सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच फाइलमध्ये नुसतं ‘सावित्रीबाईंचा आदर्श’ लिहिलं की त्याला वजन राहत नाही. त्यातून एक काहीतरी उचला आणि आपल्या वर्गात आणा. मला तर जास्त कामाचं वाटलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं काम. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर यांनी शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळा बदला, मूल नको, हा विचार तिथे आहे आणि तो आपल्याकडे सत्तरीतल्या, सांग्यातल्या वाड्यांवर आजही लागू पडतो. बालरथ, म्हणजे शाळेची बस, चुकली म्हणून उशिरा पोचणारं मूल, गणपतीच्या चवथीनंतर आठवडाभर न उगवणारं मूल, बांधकामावर बाप असलेलं आणि मध्येच दोन महिने गावी बेळगाव नाहीतर विजापूरला जाणारं मूल, यांना ‘इर्रेग्युलर’ म्हणून रजिस्टरात लाल करणं सोपं आहे.

भाषेचंही लिहाच, गोव्यात राहून भाषेबद्दल गप्प बसलेली फिलॉसॉफी अर्धीच. माध्यमाच्या वादात पडू नका, ते वर्तमानपत्रातले लोक बघून घेतील आणि पन्नास वर्षं बघतायत. तुम्ही फक्त एवढं ठरवा की मूल ज्या भाषेत विचार करतं ती भाषा माझ्या वर्गात दंडाची असणार नाही. घरी कन्नड, रस्त्यावर कोंकणी, पुस्तकात मराठी आणि पाचवीत इंग्लिश असं मूल तुमच्यासमोर बसणार आहे, बऱ्याचदा एकाच बाकावर असे तिघं. ‘स्पीक इन इंग्लिश’ म्हणून दहा रुपये दंड लावणाऱ्या शाळा आहेत, तिथे नोकरी लागली तर तुम्ही काय कराल हे लिहा. बंड कराल असं नका लिहू, कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिली पाच मिनिटं मुलांना आपापल्या भाषेत जोडीने बोलू देईन आणि मग मिळून इंग्लिशमध्ये सांगायला लावीन, असं काहीतरी लिहा, ते जमतं.

प्रेम वेगळं, कायदा वेगळा, आणि कायदा आधी

इथे बऱ्याच जणी घसरतात. केअरवर लिहिताना इतकं मऊ मऊ लिहितात की नीतिमत्तेचा कणा कुठे दिसत नाही. आपुलकीच्या खाली एक फरशी आहे, तिच्या खाली कोणी जायचं नाही, तुमचा मूड कसाही असो. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याचं कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद. आपल्याकडे तर त्याच्याही आधी २००३ चा गोवा बाल कायदा आहे आणि त्यातही शाळेतल्या मारावर बंदी आहे. तेव्हा ‘थोडी छडी लागतेच’ हे स्टाफरूममध्ये कोणी कितीही अनुभवाने सांगितलं तरी तो अनुभव कायद्याच्या बाहेरचा आहे. मानसिक छळात काय येतं याची मुलं उदाहरणं देतील, तुम्ही नुसतं विचारा. टोपणनाव ठेवणं, मार्क मोठ्याने वाचणं, ‘तुझा भाऊ हुशार होता’ म्हणणं.

शिक्षण हक्क कायद्याचंच कलम २८ म्हणतं शिक्षकाने खासगी ट्यूशन घ्यायच्या नाहीत. यावर कोणी लिहीत नाही कारण विषय अडचणीचा आहे, पगार वेळेवर नसलेल्या कॉन्ट्रॅक्टवाल्या माणसाने काय करायचं हा प्रश्न खराच आहे. पण ज्या मुलाला वर्गात समजावून सांगायचं त्यालाच संध्याकाळी पैसे घेऊन समजावलं तर सकाळी आपण किती समजावणार, हे स्वतःला विचारून एक ओळ लिहा.

आणि आता सगळ्यात जड भाग. एखादं मूल तुमच्याजवळ येऊन म्हणेल, टीचर, एक गजाल सांगतां, पूण कोणाक सांगूं नाका. आणि तुम्ही प्रेमाच्या भरात म्हणाल, नाही सांगणार हं. नका म्हणू. कधीच नका म्हणू. कारण ती गोष्ट लैंगिक अत्याचाराची निघाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं हे तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि तेव्हा तुम्ही एकतर कायदा मोडाल नाहीतर मुलाला दिलेला शब्द. म्हणून आधीच सांगायचं, ‘तू सांग, मी नीट ऐकते. तुला धोका असेल तर मला मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल, पण कोणाला सांगते ते तुला आधी सांगीन.’ हे वाक्य पाठ करा अक्षरशः. त्याच्यानंतर खोदून खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, कबुलीजबाब घ्यायला आपण पोलीस नाही. मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत तारीख टाकून लिहून ठेवायचं, हेडना सांगायचं, पण हेडना सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं असं नाही, ‘शाळेचं नाव जाईल, जरा थांबूया’ असं उत्तर आलं तरी कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर राहतेच. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८, वहीच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवा. आणि मुलाचं नाव कुठेही फुटता कामा नये, स्टाफरूममध्ये चहाबरोबर तर नाहीच नाही.

माझ्या मते पूर्ण फाइलमध्ये हा परिच्छेद एकटा नीट असला तरी बाकीचं थोडं कमी-जास्त चालून जाईल.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

स्कॉलरशिपचे फॉर्म येतात तेव्हा वर्गात काय होतं आठवा. ‘एसटीवाले कोण कोण, हात वर करा.’ आणि मग तो हात अर्धवट वर जातो, कोपरापर्यंत, आणि मागून कोणीतरी हसतं. दोन मिनिटांचं काम सोपं झालं आणि मुलाचं वर्ष वाईट गेलं. यादी ऑफिसमध्ये असते, एकेकाला बोलावून फॉर्म हातात देता येतो. फीचं तसंच, युनिफॉर्मचं तसंच. सरस्वतीपूजनाला सगळ्यांना कामं वाटताना वर्गातल्या कॅथलिक आणि मुसलमान मुलांनाही विचारलं का, तुला काय करायला आवडेल, की परस्पर बाजूला बसवलं? मधल्या आहाराच्या पाव-भाजीचंही बघा, कोण नाही म्हणतं, कोण दुसऱ्यांदा मागायला लाजतं, कोण अर्धा पाव कागदात गुंडाळून धाकट्यासाठी बॅगेत ठेवतं. मी हे बघितलंय आणि त्यावर काही बोलायचं नसतं, फक्त दुसऱ्या दिवशी वाढताना त्याच्या हातात एक पाव जास्तीचा गेला तर कोणाला कळत नाही.

फोन. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, ‘माय लिटल एंजल्स’ वगैरे, आईबापांची परवानगी नसेल तर मुळीच नाही. पालकांच्या ग्रुपवर एका मुलाबद्दल काही लिहायचं नाही. हे दोन ओळीत उरका, पण लिहा.

मार्क आणि न्याय यावर थोडं जास्त लिहा. सगळ्यांना सारखं वागवणं म्हणजे न्याय असं आपण धरून चालतो. पण वर सांगितलेल्या पाचवीतल्या मुलीला आणि घरी इंग्लिश बोलणाऱ्या मुलीला एकच पेपर, एकच वेळ, एकच सूचना दिली तर ते सारखं झालं, न्याय झाला का? दुसरीकडे, पेपर तपासताना दया येऊन मार्क वाढवणं हाही अन्यायच, बाकीच्यांवर. मग मध्ये काय करता येतं तर शिकवताना वेगवेगळी मदत आणि तपासताना एकच माप. शिकवताना जास्त वेळ, चित्रं, तोंडी उत्तर, शेजारी भाषा जाणणारं मूल, हे सगळं द्या. तपासताना नाव झाका. तुमचं मत वेगळं असू शकतं, मग तसं लिहा, पण बाजू घ्या. ‘मी समतोल साधेन’ हे वाक्य जिथे जिथे आलं असेल तिथे लाल पेन मारा.

आता प्रत्यक्ष लिहिणं

प्रत्येक मूल्याचं वाक्य लिहिलं की त्याला तीन प्रश्न विचारा. हे मी कुठल्या पिरियडला, नेमकं काय करून करणार? त्याची मला काय किंमत पडणार? आणि कुठे थांबणार? तिसरा प्रश्न फार जणी विसरतात. केअरवर लिहिणाऱ्या बऱ्याच स्त्रीवादी अभ्यासकांनी नॉडिंग्जवर हीच टीका केली की सतत देत राहायचं काम शेवटी बायकांच्याच गळ्यात पडतं आणि देणारी झिजते. खरं आहे ते. त्यात इलेक्शन ड्यूटी, सर्व्हे, ऑनलाइन डेटा एंट्री हेही त्याच बाईने करायचं. म्हणून रात्री नऊनंतर पालकांचे फोन घेणार नाही, तातडीचं सोडून, असं फाइलमध्ये लिहायला लाजू नका. दमलेल्या माणसाचं लक्ष नसतं आणि लक्ष नसेल तर काळजी कसली.

एक वाक्य धुवून दाखवते.

आधी: ‘मी सर्व विद्यार्थ्यांवर समान प्रेम करीन व त्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव झटेन.’

नंतर: ‘माझ्या तासाला उशिरा आलेल्या मुलाला मी दारात उभं करणार नाही. ते सरळ आत येऊन बसेल आणि काय चाललंय ते शेजारचं मूल त्याला हळूच सांगेल. यात माझा तास अर्धा मिनिट तुटेल, ते मला चालेल. उशीर का झाला हे मी रिसेसला एकट्याला विचारीन. बस चुकत असेल तर हेडशी बोलेन, घरी काही असेल तर घरी बोलेन. नुसता कंटाळा असेल तर वर्गाने मिळून ठरवलेलं काम त्याला करावं लागेल, त्यात सूट नाही.’

लांब झालं खरं, पण आता हे दुसऱ्या कोणाच्या नावावर जाणार नाही. अशी पाच-सहा झाली की फिलॉसॉफी तयार. सुरुवातीला एक नोंद टाका, वहीतली, त्यानंतर काळजी म्हणजे तुम्ही काय समजता ते, मग कायद्याची फरशी, मग तुमच्या कृती आणि मर्यादा. नॉडिंग्ज किंवा साने गुरुजी जिथे खरंच कामाला आले तिथेच आणा, वेगळं ‘थोर विचारवंत’ प्रकरण करू नका. अडीच-तीन पानं पुरतात. भाषा बोलता तशीच ठेवा, ‘सदर विद्यार्थी’ वगैरे सरकारी मराठी नको. नोंदींमध्ये मुलांची खरी नावं, शाळेचं नाव काही घालू नका, नीतिमत्तेवरच्या फाइलमध्येच ती फुटली तर हसं होईल.

व्हायव्हाला बहुतेक एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतात ते असं: चाळीस मुलं, पाऊण तास नाही तर पस्तीस मिनिटांचा पिरियड, पोर्शन संपवायचाय, यात तुमची आपुलकी कुठे बसवणार? घाबरून ‘सर, वेळात वेळ काढून’ असं म्हणू नका. आपुलकीला वेगळा पिरियड लागत नाही, ती हजेरी घेताना नाव नीट उच्चारण्यात असते, चुकीच्या उत्तरानंतर तुम्ही पुढे काय बोलता त्यात असते, वही परत देताना ती फेकता की हातात देता त्यात असते, हे तुमच्या नोंदींतलं एक उदाहरण देऊन सांगा. पोर्शन त्याने मागे पडत नाही. थोडा पडला तर पडतो असं कबूल करा, एक्सटर्नलनीही वर्ग घेतलेले असतात.

आणि हो, स्पायरल बाइंडिंग करू नका, साधी फाइल लावा. सोळा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये निम्मी पानं बदलावीशी वाटतात आणि स्पायरलमधून पान काढलं की सगळं फाटतं. पहिल्या पानावरच्या गुलाबाच्या बॉर्डरला मार्क नसतात, ते वीस रुपये वाचवा.